बर्फ घालू नये

७ ऑक्टोबर १९८५, सोमवार

आज आप्पांनी लॅबमधली जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. त्यातल्या एकाची मागची निम्मी पानं कोरी दिसली म्हणून मी ते मागून घेतलं. आप्पांनी विचारलं, "काय लिहिणार, विलणकर?" म्हटलं, "आत्मचरित्र." म्हणाले, "मग पानं उरतील, ती परत आणून द्या." आप्पा म्हणजे आमचे मालक, डॉ. करमरकर. रत्नागिरीत वीस वर्षं ते लोकांचं रक्त तपासतात आणि त्यातली अठरा वर्षं त्यांच्या नावाने मी तपासतो. हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो आणि ते हसतात. असा मालक मिळाला हे नशीबच.

लिहायला घेण्याची कारणं दोन. एक म्हणजे हल्ली पहाटे तीनलाच जाग येते आणि मग डोळा लागत नाही. पित्त असावं. दुसरं कारण आई. संध्याकाळी दिवा लावला की दिवसभरात ज्याने ज्याने आपलं काही बरं केलं असेल त्याचं ती नाव घ्यायची. कोणी पाण्याची कळशी उचलून दिली, कोणी वाटेत सावलीला बसायला जागा दिली, एवढंसुद्धा. आधी माणसांचे उपकार आणि मग देवाचे. "देव थांबेल," असं म्हणायची. ती गेल्यापासून आमच्या घरात ते बंदच पडलं. म्हटलं, निदान कागदावर सुरू करावं.

उपकार: पानांबद्दल आप्पांचे. न मागता आल्याचा चहा केला म्हणून बायकोचे, बकुळाचे. अर्धा कप तसाच राहिला, पण त्यात चहाचा दोष नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून नवं काम. दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी मुंबईहून डॉ. दमयंती पोतनीस येतात आणि लॅबच्या वरच्या खोलीत मनाच्या आजाराचे पेशंट बघतात. लोक जिना तोंड चुकवून चढतात आणि कोणी ओळखीचं भेटलंच तर "साखर तपासायला आलो" म्हणून सांगतात. त्यामुळे गावात आमच्या लॅबची साखरेसाठी फार ख्याती आहे.

बाईंनी मला नीट समजावून सांगितलं. मेंदूतल्या नसा काही उघडून बघता येत नाहीत. पण रक्तातल्या प्लेटलेट एका बाबतीत त्या नसांसारख्याच वागतात. सिरोटोनिन म्हणून एक द्रव्य आहे, ते दोघी आपल्यात ओढून घेतात. नैराश्याच्या आजारात प्लेटलेट ते कमी ओढतात असं बाहेरच्या देशांतल्या काही डॉक्टरांना आढळलंय. आपल्याकडे तसं दिसतं का ते बघायचं. बारा आजारी आणि बारा धडधाकट माणसं, दर खेपेला चार-चार. अठरा वर्षं मी सूक्ष्मदर्शकाखाली हे ठिपके मोजतोय. रक्त गोठवणं एवढंच त्यांचं काम असं समजत होतो. त्यांनासुद्धा उदासी कळते हे ऐकून गंमत वाटली.

रक्त काढण्याआधी प्रत्येकाला बारा प्रश्न विचारायचे. बाईंच्या कागदावर होतं, 'आपणांस जीवन निरर्थक भासते काय?' हे आमच्याकडच्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, बसा, पाणी घ्या. म्हणून सगळे प्रश्न मी आपल्या भाषेत करून दिले. जेवण गोड लागतं का? पहाटे लवकर जाग येते का? आपल्यावाचून घरच्यांचं बरं चालेल असं मनात येतं का? बाई खूश झाल्या. मलाही जरा बरं वाटलं, दुपारपर्यंत.

आजच्या चौघांत लांज्याची जनी होती. काजूच्या कारखान्यात काम करते, वय तिशीचं. नवरा मुंबईला, महिन्याच्या महिन्याला पत्र येतं, सासू मायेची. दुःखाचं कारण शोधून सापडायचं नाही. बाईंनी विचारलं, "कामात मन लागतं का?" तर म्हणाली, "हात चालतात बाई. काजू सोलतात. मी नसतंय तिथं." हे वाक्य दिवसभर माझ्या कानात राहिलं. रक्त काढून झाल्यावर बाईंनी तिला गोळ्या लगेच सुरू केल्या.

रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचा पिवळा भाग वेगळा केला, आठ प्लॅस्टिकच्या नळ्या भरल्या, लाकडी पेटीत कापसात ठेवल्या. सकाळपर्यंत मुंबईत पोचायला हव्यात. माझा मेव्हणा खंडू मिरकरवाडा बंदरावरून माशांच्या ट्रकबरोबर मुंबईला जातो. त्याला पेटी दिली आणि बजावलं, "माणसांचं रक्त आहे बाबा, गरम होता कामा नये. खराब झालं तर बाई माझं नाक कापतील."

उपकार: खंडूचे. काही न विचारता पेटी घेतली.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

मुंबईहून ट्रंककॉल. बाई म्हणाल्या, "विलणकर, तुमच्या मेव्हण्याने पेटी सुरमईसारखी भरून आणली."

झालं ते असं. गरम होऊ द्यायचं नाही म्हटल्यावर खंडूने पेटी उघडली, कापूस ओला होईल म्हणून काढून टाकला, बर्फ फोडून खाली एक थर, वर एक थर लावला आणि गोणपाट घट्ट आवळलं. वाटेत सावर्ड्याला थांबून बर्फ बदललासुद्धा. प्लेटलेटला थंडी अजिबात सोसत नाही. गार पडल्या की त्यांचा आकार बिघडतो आणि मग त्यांच्याकडून काही कळत नाही. त्यांना घरात असतो तेवढा उबारा लागतो, आणि हलतं ठेवलं तर आणखी बरं. आठही नळ्या फुकट. चार आजाऱ्यांच्या गोळ्या सुरू झालेल्या, त्यामुळे त्यांचं रक्त आता पुन्हा घेऊन उपयोग नाही. नवे चार शोधायचे. मी विचारलं, जनीच्या गोळ्या चार आठवडे थांबवल्या असत्या तर? बाई म्हणाल्या, "माझ्या आकड्यासाठी मी तिला आणखी एक दिवससुद्धा तसं ठेवणार नाही."

संध्याकाळी खंडू आला. चेहरा पार उतरलेला. "तुमीच बोललात ना भावोजी, गरम होऊ द्यायची नाय म्हणून. मग मी बरफ नाय घालनार तर काय करनार?" आता त्याचं काय चुकलं? मिरकरवाड्यात जन्मलेल्या माणसाला खराब होणारी वस्तू सांभाळायला सांगितली की तो बर्फच घालणार. चूक सांगणाऱ्याची. एरवी या गोष्टीवर मी महिनाभर हसलो असतो. या खेपेला हसू आलंच नाही. पेटीवर लाल रंगाने लिहून काढलं: बर्फ घालू नये.

उपकार: बाई रागावल्या नाहीत.

१३ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी. बकुळाने चकल्या केल्या, एकही तुटली नाही. मुलगी दमयंती सासरहून आली, जावई आले. बाईंचं आणि तिचं नाव एकच म्हणून मी एकदा विनोद केला होता तो जावयांनी आठवणीने काढला. सगळे हसले, मीही हसलो. चकली तोंडात भुश्यासारखी फिरत होती. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून तीन खाल्ल्या.

घरात काही म्हणता काही कमी नाही. बायको मायेची, लेक सुखात, काम आवडीचं. तरी सकाळी उठलं की छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतं. दुसऱ्या कोणाला एवढं मिळालं असतं तर तो देवळासमोर नाचला असता. मला काय धाड भरलीय? हा निव्वळ करंटेपणा.

उपकार: सगळ्यांचेच. ते फेडण्यासारखं माझ्यात काही नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नवे चार पेशंट मिळाले. धडधाकट मागचेच चार पुन्हा बोलावले होते, त्यांच्यात घोटाळा. आमचा पोस्टमन महिपत मागच्या खेपेला सुई बघूनच खुर्चीवरून घसरला होता. आज तो आलाच नाही, पत्रंसुद्धा दुसऱ्या माणसाबरोबर पाठवली. ट्रकची वेळ होत आलेली. म्हटलं, मी आहे की. आप्पांनी माझं रक्त काढलं.

नियमाप्रमाणे धडधाकटांनीसुद्धा प्रश्नांचा कागद भरायचा असतो, आणि तो बाईंनी समोर बसून भरून घ्यायचा असतो. बाई वर पेशंटशी बोलत होत्या. प्रश्न माझेच, पाठ आहेत, वाचायचे कशाला? शून्य म्हणजे काही तक्रार नाही; बारा प्रश्नांपुढे बारा शून्यं घातली, खाली सही ठोकली. रजिस्टरच्या उजव्या बाजूला, निरोगी या मथळ्याखाली लिहिलं: आत्माराम विलणकर, वय ४७.

जनी गोळ्यांसाठी आली होती. चेहऱ्यावर जरा पाणी दिसलं. म्हणाली, तोंड सुकतं, पण परवा सासूशी भांडले. बाईंना त्याचा केवढा आनंद! जाताना ती माझ्या टेबलाशी थांबली. मी नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होतो. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमचे पन हातच चालतायत." मी म्हटलं, "अगं, पगार हातांचाच मिळतो." ती हसली नाही.

खंडूने पेटीवरची लाल अक्षरं बोटाने एकेक वाचली आणि पेटी पोटाशी धरून नेली.

२५ नोव्हेंबर, सोमवार

बाईंचं पत्र. आकडे छान आले, चार आजाऱ्यांचे खाली, तीन धडधाकटांचे वर. फक्त निरोगी क्रमांक चारचा आकडा आजाऱ्यांच्याही खाली आहे. 'नळी वाटेत गार पडली असेल का? पुन्हा एकदा रक्त पाठवाल का?'

क्रमांक चार म्हणजे मी. पत्र वाचलं आणि डोक्यात तिडीकच गेली. तडक मिरकरवाड्याला गेलो. खंडू चार माणसांत बसला होता. सगळ्यांसमोर म्हटलं, "तुला दोन अक्षरं वाचता येत नाहीत? पुन्हा बर्फ घातलास?" तो उठून उभा राहिला. "आईशप्पत भावोजी, पेटी मांडीवर घेऊन बसलो. माशापासनं लांब. माजी चादर गुंडाळली तिला." मी म्हटलं, "आठांतली एकच नळी कशी बिघडते मग? खोटारड्या!" हा शब्द मी आयुष्यात कोणाला वापरला नव्हता. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला, रागाने नव्हे. घरी येताना लक्षात आलं, बर्फ पडला असता तर आठही नळ्या गेल्या असत्या. तरी मागे फिरलो नाही.

बकुळाला कळलं. ती म्हणाली, "अहो, तुम्ही असे नव्हता." एवढंच.

३० नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा रक्त दिलं. खंडू स्वतः पेटी न्यायला आला. मी माफी मागायला हवी होती, ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. त्याने पेटी घेतली, डोक्याचा टॉवेल काढून तिच्याभोवती गुंडाळला. "येतो भावोजी" म्हणाला.

उपकार: सुचत नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

घराची, विम्याची सगळी कागदपत्रं एका पिशवीत घालून बकुळाला दाखवून ठेवली. तिने विचारलं, आत्ता कशाला? म्हटलं, माणसाने व्यवस्थित असावं. शिमग्याला पालखीपुढे वाजवतो तो ढोल मंडळाच्या रघूला देऊन टाकला. वीस वर्षं वाजवला. रघू म्हणाला, यंदा तुम्ही वाजवणार नाही? मी म्हटलं, यंदाचं कोणी बघितलंय.

सगळी माणसं चांगली आहेत. माझ्यावाचून त्यांचं काही अडणार नाही, उलट बरंच चालेल. हे लिहिताना दुःखसुद्धा होत नाही, हिशेब जुळल्यासारखं वाटतं.

७ डिसेंबर, शनिवार

आज बाईंचा वार नव्हता. तरी दुपारी एस.टी.तून उतरून सरळ लॅबमध्ये आल्या. मी म्हटलं, आकडा आला का? म्हणाल्या, आला, पुन्हा तेवढाच. मी म्हटलं, मग बाई, तुमचं मुंबईचं यंत्र बघून घ्या. म्हणाल्या, "यंत्र बघितलं. आता तुम्हाला बघते. वर या."

जिन्याच्या पायथ्याशी एक ओळखीचे गृहस्थ भेटले. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "साखर तपासायला." बाईंनी ऐकलं.

वर त्यांनी माझाच कागद काढला. म्हणाल्या, "एका माणसाच्या आकड्यावरून आजार ठरत नाही. धडधाकट माणसाचाही कधी कमी येतो. आम्हाला अजून पुष्कळ कळायचं आहे. त्यामुळे रक्त बाजूला ठेवू. हे प्रश्न तुम्ही लिहिलेत, आज मी ते विचारते." मला हसू आलं. जेवण गोड लागतं का? म्हटलं, बकुळाच्या हाताला काय धाड भरलीय. म्हणाल्या, "हात विचारला नाही, जीभ विचारली." पहाटे जाग येते का? तीनला. किती दिवस? गणपतीच्याही आधीपासून. कामात मन लागतं का? मी म्हणणार होतो की लागतं, आणि तोंडातून जनीचंच वाक्य आलं. हात चालतात.

मग शेवटचा प्रश्न. आपल्यावाचून घरच्यांचं बरं चालेल असं मनात येतं का? हा प्रश्न साध्या भाषेत आणताना मला केवढं कौतुक वाटलं होतं स्वतःचं. आता तो समोर बसून कोणी विचारला तर उत्तर देता येईना. बाई थांबल्या. घड्याळाकडे बघितलं नाही. मग मी पिशवीचं सांगितलं, ढोलाचं सांगितलं. सांगता सांगता रडायला लागलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, ज्याने खाली लॅबमध्ये हजारो जणांना "घाबरू नका, टोचल्यासारखं वाटेल" म्हणून सांगितलंय.

म्हटलं, "बाई, मला काहीच कमी नाही हो. तरी असं वाटतं म्हणजे मी कृतघ्न आहे." त्या म्हणाल्या, "विलणकर, काविळीच्या माणसाला तुम्ही कृतघ्न म्हणता का? हा आजार आहे. चांगल्या घरात होतो, वाईट घरात होतो. औषध आहे. पण बकुळाबाईंना आजच सांगायचं, आणि मी सांगेन."

बारा प्रश्न भरले. एकही शून्य नव्हतं. बाई माझ्याबरोबर घरी आल्या. बकुळाने सगळं ऐकून घेतलं आणि मग उठून ती कागदांची पिशवी आपल्या ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली. म्हणाली, "आता यातलं काय हवं असेल तर मला विचारून."

उपकार: आज पुष्कळ आहेत. उद्या लिहितो.

२१ डिसेंबर, शनिवार

गोळ्यांना दोन आठवडे झाले. तोंडाला कोरड, उठताना भोवळ. बाकी काही फरक नाही. बाई दर तीन दिवसांनी ट्रंककॉल करतात. आज त्यांचा वार होता, म्हणाल्या, औषधाला वेळ लागतो, धीर धरा. बकुळा एकटं सोडत नाही. काल बाजारात नेलं, धुणं वाळत घालायला लावलं. रघूने ढोल परत आणून ओटीवर ठेवून गेला.

जनी भेटली. मी आज जिन्यावर तिच्या मागे ओळीत उभा होतो. तिने ओळखलं. पदरातून मूठभर काजू काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "तिसऱ्या हप्त्यानंतर बगा. आदी सोडू नका." आप्पांच्या लॅबमध्ये अठरा वर्षांत मला कोणी काही सल्ला दिला नव्हता.

उपकार: जनीचे. माझ्याआधी तिला दिसलं होतं.

५ जानेवारी १९८६, रविवार

आज बांगड्याचं तिखलं होतं, तिरफळं घातलेलं झणझणीत कालवण. तिसरा घास घेताना तिरफळ दाताखाली आलं आणि तोंडात एकदम वास सुटला. मी थांबलो. पुन्हा एक घास घेतला. होय, बांगडा. चव होती! बकुळाला म्हटलं, "मीठ जास्त झालंय." ती पानावरच रडायला लागली. जानू शेजारीण डोकावली, तिला वाटलं भांडण. बकुळा म्हणाली, "अगो, मीठ जास्त झालंय म्हणतायत!" जानूला काही समजलं नाही. आम्ही दोघं वेड्यासारखी हसत होतो.

पहाटे पाचपर्यंत झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

उपकार: बांगड्याचे, तिरफळाचे, जास्त झालेल्या मिठाचे.

१२ जानेवारी, रविवार

खंडूकडे गेलो. त्याच चार माणसांत बसला होता, मुद्दाम ती वेळ साधली. सगळ्यांसमोर म्हटलं, "खंडू, तू बर्फ घातला नव्हतास. मी तुला खोटारडा म्हटलं ते चुकलं. माझंच रक्त तसं होतं." तो लाजून लाल झाला. "जाऊ द्या वो भावोजी. बसा, चाय घ्या." चहा पूर्ण घेतला.

१५ मार्च, शनिवार

शिमगा दहा दिवसांवर आला. ढोलाची दोरी आवळून ठेवली आहे. काल वाजवून बघितला, आप्पांनी घरातून निरोप पाठवला की विलणकर बरे झाले हे साऱ्या रत्नागिरीला कळलं, आता पुरे.

गोळ्या अजून चालूच आहेत. बाई म्हणतात घाई नको. काही सकाळी अजून पाटा जाणवतो, पण उचलून बाजूला ठेवता येतो. मध्येच एखादा दिवस पूर्वीसारखा उगवला की घाबरतो, तेव्हा बकुळाला तसं सांगतो. हे सांगणं मी नव्याने शिकलोय.

पेशंट जमायला वेळ लागला, पण आज अभ्यासाची शेवटची खेप. बाईंनी रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. उजवीकडे निरोगी या मथळ्याखाली माझं नाव अजून तसंच होतं. म्हणाल्या, "तीस नोव्हेंबरचं तुमचं रक्त गोळ्या सुरू व्हायच्या आधीचं आहे, आणि प्रश्नही आता नीट भरलेत. तुम्हाला चालत असेल तर ते धरता येईल. पण या बाजूला नाही. नाहीतर दोन्हीकडून काढून टाकू, त्यातही काही बिघडत नाही." मी पेन घेतलं. उजवीकडचं माझं नाव एका रेघेने खोडलं आणि डावीकडे आजाऱ्यांच्या यादीत, जनीनंतर आलेल्या पेशंटांच्या खाली लिहिलं: आत्माराम विलणकर, वय ४७. अक्षर चांगलं आलं.

मग विचारलं, "बाई, एका आकड्यावरून ठरत नाही म्हणता, तर त्या दिवशी एवढ्या लांब आलात कशा?" त्या म्हणाल्या, "आकड्यासाठी मी आले नसते. तिसरी नळी मागवली असती." पुढे म्हणाल्या, "तुमच्या मेव्हण्याने सांगू नका म्हणून सांगितलं होतं. तुमचं दुसरं रक्त घेऊन आला तेव्हा तो दारातून हलेना. मला म्हणाला, बाई, नळी नाय बिघडली. माजे भावोजी बिघडलेत. ते मला खोटारडा बोलले, ते कुनाला असं बोलत नायत. त्यांना येऊन बगा. मी विचारलं, कधी येऊ? म्हणाला, पुढच्या शनवारच्या पुढं जाऊ नका, त्याच्या आदी जमलं तर बगा."

चार माणसांत ज्याचा अपमान केला त्याने तो अपमान पोटाशी धरून मुंबईला नेला, आणि तिथे तक्रार म्हणून नव्हे, माझं लक्षण म्हणून सांगितला.

उजवीकडे एक जागा रिकामी होती. चार वाजता खंडू पेटी न्यायला आला तेव्हा बाईंनी त्यालाच बसवलं. वादळात होडी घेऊन गेलेला माणूस, सुई बघून पांढरा पडला. बाईंच्या सांगण्यावरून प्रश्न मी विचारले, एकही न गाळता, समोर बसून. आपल्यावाचून घरच्यांचं बरं चालेल असं मनात येतं का? तो चिडलाच. "माज्यावाचून? आनि मासे कोन पोचवनार वो?" शून्य. त्याने डोळे मिटले, मी त्याचा दंड बांधला, म्हटलं, घाबरू नकोस, टोचल्यासारखं वाटेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून शीर शोधायला जरा वेळ लागला. त्याला वाटलं, मीच घाबरलो.

नळी भरली. पेटीत कापसात ठेवली. खंडूने स्वतःच्या रक्ताची पेटी उचलली, लाल अक्षरांवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

आता दिवा लावलाय. बकुळाला म्हटलं, आजपासून मोठ्याने म्हणू या, आई म्हणायची तसं. तिने तिची नावं घेतली, त्यात मी होतो. मग माझी पाळी.

उपकार: खंडूचे. एकदा बर्फ घातलास, आठही नळ्या फुकट गेल्या, महिपतला पुन्हा बोलावलं तर तो पळाला आणि म्हणून माझं रक्त निघालं. मग बर्फ घातला नाहीस, म्हणून ते खरं निघालं. आणि तिसरं म्हणजे मी जे बोललो ते तू विसरला नाहीस, योग्य माणसाला जाऊन सांगितलंस.

देवाचे उद्या घेतो. देव थांबेल.